पुढचं तोंड औट

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात दशांशचिन्ह वापरलं नाही.

"टिंब म्हणजे काय? माशीची घाण," ते म्हणायचे. "कागदावर माशी बसली की दहापट चूक. कुणी टिचकीनं उडवली की उलटी दहापट चूक. त्यापेक्षा पाऊण म्हणा. पाऊणवर माशी बसू दे नाहीतर म्हैस बसू दे, पाऊण ते पाऊणच."

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत पुण्याहून ब्रॅकनेलला येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या खिशात तीन गोष्टी हमखास असत. वर्क परमिट, कुकरची जादा शिट्टी आणि या काकांचा फोन नंबर. त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळाली तेव्हा मला वाटलं, चला, घर मिळालं. प्रत्यक्षात परीक्षा मिळाली होती आणि ती पावणेतीन वर्षं चालली.

घरभर चिठ्ठ्या. बॉयलरच्या बटणापाशी, 'सव्वादोनच्या वर नेऊ नये.' शेगडीपाशी, 'दूध : पावणेदोन.' मागच्या दारावर, 'बिन दर बुधवारी पावणेसातच्या आत बाहेर.' मी इंग्रजी शाळेत शिकलेला. सव्वा आणि पावणे यांतलं अलीकडचं कोण आणि पलीकडचं कोण, हे मला मनातल्या मनात घड्याळ काढून, त्यात काटे हलवून ठरवावं लागे. पहिले चार बुधवार मी सव्वासातला कचऱ्याचा बिन ढकलत बाहेर आलो आणि रिकामा रस्ता बघून कौन्सिलला शिव्या घातल्या. काकांनी मला उदार मनानं माफ केलं. "दुपारचं झोपणारं शहर तुमचं," ते म्हणाले. "सकाळी उशीर व्हायचाच."

त्यांना वाटलं मी आळशी आहे. मी ते तसंच वाटू दिलं. अडाणी असण्यापेक्षा आळशी असणं बरं. कारण माझं अडाणीपण बाहेर पडणं मला मुळीच परवडणारं नव्हतं. दर रविवारी ईलिंगमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी इथे जन्मलेल्या मराठी मुलांसाठी वर्ग घेत असे. फुकट. त्या वर्गाचं नाव 'शुद्ध मराठी वर्ग' होतं आणि ते ठेवण्याचा गुन्हा मीच केला होता. मुलं मला काहीच म्हणत नसत, ती खिडकीबाहेर बघत. मला 'मास्तर' म्हणत ते काका. वर अहो-जाहो करत. माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला अहो-जाहो करतो याचा मला काही दिवस अभिमान वाटला. मग त्यांचा चेहरा नीट बघितला.

काका मूळचे सांगलीकडचे. साठ सालानंतर कधीतरी इकडे आले आणि पश्चिम लंडनच्या एका बस गॅरेजात तीस वर्षं डिझेल इंजिनांचे टर्बो दुरुस्त करत राहिले. टर्बोला ते टर्बो म्हणत नसत. "फुंकणी" म्हणत. "आमची आई चुलीला फुंकणीनं फुंकर घालायची तेव्हा धूर तिच्या डोळ्यांत जायचा आणि वाया जायचा. साहेबानं एवढंच केलं, की त्याच धुराला कामाला लावलं. धूर चाक फिरवतो, चाक वारा घालतं, वाऱ्यानं जाळ वाढतो. चुलीचाच धूर, चुलीलाच फुंकर. बाकी सगळी फुशारकी." टर्बोचार्जर मला यापेक्षा चांगला कुणी समजावून सांगितलेला नाही आणि समजून घ्यायची इच्छा मला त्याआधीही नव्हती, त्यानंतरही झाली नाही.

निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशातलं व्हर्नियर काही निवृत्त झालं नाही. लोक पेन ठेवतात तिथे यांचं व्हर्नियर. त्यानं ते सगळं मोजत. साबणाची वडी, पोस्टाची पाकिटं, मी आणलेली गाजरं. एकदा मी केलेल्या पोळीच्या कडेला त्यांनी ते लावलं, आकडा बघितला, व्हर्नियर पुसून खिशात ठेवलं आणि पोळी टोस्टरमध्ये घातली.

पोळीबाबतचा त्यांचा दुसरा कायदा मला त्यांच्या मुलीकडून कळला. वंदनाताई इथेच जन्मलेल्या, चाळिशीला टेकलेल्या, ईलिंगला राहणाऱ्या, पेशानं सॉलिसिटर. दिवसभर लोकांच्या घरांची खरेदी-विक्री कागदावर उतरवायची, हे त्यांचं काम. मराठी अस्खलित, फक्त लिंग लॉटरी पद्धतीनं.

"मी लहान असताना जेवताना भयंकर फसी होती," त्यांनी सांगितलं. "पोळी संपायचाच नाही. सो बाबांनी एक रूल केला. पाऊण खाल्ली की पूर्ण धरायची. दॅट वॉज द डील. पाऊणच्या एक घास अलीकडे थांबली तर नो गेटिंग डाउन फ्रॉम द टेबल. पण पाऊण इज पूर्ण."

"पोळी संपायचीच नाही," मी म्हणालो.

"सॉरी?"

"पोळी स्त्रीलिंगी, ताई. संपायची. आणि रूल—"

वंदनाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी करारातलं एखादं संशयास्पद कलम होतो. काका वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बरोबर आहे मास्तरांचं." तेव्हा मी अजून त्यांचा चेहरा नीट बघितला नव्हता.

आता गॅरेजबद्दल. ब्रॅकनेलला बर्फ म्हणाल तर वर्षातून दोन दिवस पडतो. पहिल्या दिवशी ट्रेन बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. अशा गावातल्या गॅरेजात काकांनी ताडपत्रीखाली स्नोमोबिल ठेवली होती. साधीसुधी नाही, डोंगर चढायची. पुढे दोन स्की, मागे गालिच्यासारखा लांबलचक रबरी पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी सीट. बर्फाळ उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाचा दम जातो, म्हणून तिला टर्बो. हा टर्बो फुटला होता.

गाडी काकांची नव्हती. बस गॅरेजातला त्यांचा जुना सोबती इयन स्कॉटलंडला आपल्या गावी परतला होता आणि तिथल्या एका डोंगरावर स्की करणाऱ्यांना वर ओढून नेणारा दोर चालवत होता. ही गाडी त्यानं कॅनडातून आणवली, पहिल्याच मोसमात तिचा टर्बो फोडला आणि काकांकडे पाठवली. "नीट कर, आणि माझ्या डोंगरावर एकदा तूच वरपर्यंत ने. मग ती तुझी," असं तो म्हणाला होता. याला चार हिवाळे झाले होते. काका फुंकणी निवडत होते.

चार हिवाळे. लोक तेवढ्या वेळात लग्न करून, घटस्फोट घेऊन, पुन्हा लग्न करतात. पण एकदा मी घाई दाखवली तेव्हा काका म्हणाले, "मास्तर, इंजिनाला चुकीची फुंकणी लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणं. दिसतं. डोकं दुखतं." हे वाक्य मी वर्गात वापरलं. मुलं खिडकीबाहेर बघत होती.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येक टर्बोचा आलेख पसरलेला असे. कागदाच्या मध्यभागी बेटासारखी वळणदार वर्तुळं. "इंजिन या बेटावर नांदलं पाहिजे," ते सांगत. "डावीकडे समुद्रात गेलं की फुंकणी उचकी देते. उजवीकडे गेलं की तिला धाप लागते." आमटीची वाटी ठेवायला जागा म्हणून मी एकदा एक बेट दुमडलं, तर आठवडाभर मला वाटीच मिळाली नाही. ताटात आमटी.

शेवटी तीन उमेदवार उरले. काकांनी त्यांना नावं दिली होती. सगळ्यात लहान तो शिपाई. हाक मारली की पळतो, पण जड फाइल दिली की जिन्यात धापा टाकतो. मधला हेडक्लार्क. तो ना लवकर उठतो, ना उशिरा, फक्त सही मागतो. आणि मोठा तो साहेब. उशिरा जागा होतो, पण एकदा जागा झाला की सगळं ऑफिस हलवतो. इंजिनाच्या धुराकडे बसायचं मागचं तोंड तिघांचंही सारखंच. फरक पुढच्या तोंडाचा, जिथून हवा आत शिरते.

"साहेबच," मी म्हणालो. मला रात्री जेवायला टेबल हवं होतं.

"का?"

"तुम्हीच म्हणालात, ऑफिस हलवतो."

"शिपायाशिवाय साहेबाला चहा मिळतो का?" आणि काका आणखी तीन आठवडे विचारात गेले.

त्यातच मी एक ज्ञानकण टाकला. इयनचा डोंगरच काय, या देशातलं सगळ्यात उंच शिखरसुद्धा आपल्या महाबळेश्वराएवढं. विरळ हवा वगैरे काही नाही. महाबळेश्वरला लोक गाउन घालून मक्याचं कणीस खातात. मग टर्बो कशाला?

काकांनी हातातला आलेख खाली ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

"मास्तर," ते म्हणाले, "महाबळेश्वर तुम्ही कशानं चढलात?"

"एसटीनं."

"मग बोलू नका."

हे सगळं असंच आणखी चार हिवाळे चाललं असतं. पण त्या जानेवारीत काका गॅरेजात घसरले. मनगट मोडलं, कंबर धरली. मी ऑफिसात होतो, शेजारी कामावर, आणि काका ताडपत्री अंगावर ओढून सव्वादोन तास तिथेच पडून होते. सव्वादोन त्यांनीच सांगितलं, अॅम्ब्युलन्सवाल्याला. तो बिचारा "टू अँड अ हाफ" लिहायला लागला तर त्याला थांबवून दुरुस्त करून घेतलं.

वंदनाताई त्या संध्याकाळी आल्या. ओरडल्या नाहीत. गॅरेजात जाऊन त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि मग स्वयंपाकघरात येऊन सॉलिसिटरच्या आवाजात बोलल्या.

"बाबा, मी फोर इयर्स ऐकते आहे की ही गाडी डोंगर चढणार. ओके. इयन अंकलचा सीझन मार्च एंडला संपते. तोपर्यंत तुम्ही ही गाडी त्याच्या दोराच्या पायथ्यापासून वरच्या हटपर्यंत नेली, तर मी परत कधी काही बोलणार नाही. नाही नेली, तर गॅरेज रिकामा, घर मार्केटवर, आणि तुम्ही माझ्याकडे ईलिंगला. खालची खोली मी रेडी करून ठेवली आहे. तिथे तुम्ही पडलात तर कुणाला तरी ऐकू येईल."

काकूंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. काकांनी प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "वरच्या खोपटापर्यंत. ठरलं." त्यांच्या तोंडून 'ठरलं' निघालं की ते मोजून झालेलं असे. ईलिंगच्या त्या खालच्या खोलीत गॅरेज नव्हतं हे त्यांना माहीत होतं. व्हर्नियर लावायला तिथे पोळ्याच उरल्या असत्या.

एका आठवड्यात त्यांनी निवड केली. साहेब. माझी शिफारस मान्य झाली म्हणून मी फुशारलो. ऑर्डरही मीच करायची होती, कारण कॅनडातला दुकानदार फक्त ईमेल वाचायचा आणि काकांचा ईमेलवर विश्वास नव्हता. पत्त्यातच टिंब असतं म्हणून.

पण कागदावर लिहून दिलं असतं तर मग काय हवं होतं! हाताला प्लास्टर. म्हणून काकांनी मला ऑफिसात फोन केला. मी मीटिंगच्या दारात उभा, पलीकडून मॅनेजर घड्याळाकडे बोट दाखवतोय.

"लिहून घ्या मास्तर. मागचं तोंड अडीच."

"अडीच," मी लिहिलं. अडीच मला येत होतं. अडीच सगळ्यांना येतं.

"पुढचं तोंड औट."

"आउट," मी म्हणालो.

"हां. औट. परत सांगा."

"मागचं अडीच, पुढचं आउट."

"शाबास," काका म्हणाले. पावणेतीन वर्षांत त्यांनी मला दिलेली ती एकमेव शाबासकी. ती घेऊन मी मीटिंगमध्ये गेलो. या माणसानं शेवटी एक इंग्रजी शब्द वापरला, याचं मला कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी मी दुकानदाराला लिहिलं, मागचं तोंड अडीच इंच हवं, पुढचं तोंड बाहेरच्या बाजूला हवं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. सौजन्यपूर्ण होतं. आमच्याकडच्या सगळ्याच टर्बोंचं पुढचं तोंड बाहेरच असतं, असं त्यानं कळवलं होतं, आत तोंड असलेला टर्बो अजून कुणी बनवल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. मग पुढचंही अडीच इंच समजू का?

इथे कुणीही शहाणा माणूस जिना उतरून खाली गेला असता आणि विचारता झाला असता, "काका, औट म्हणजे काय हो?" सतरा पायऱ्या होत्या. पण मी शुद्ध मराठी वर्गाचा चालक. शाबासकी मिळालेला. मी 'हो' असं लिहिलं आणि शेवटी 'मनःपूर्वक आभार'सुद्धा लिहिलं.

खोका आला तो मार्चमधल्या एका रविवारी मी वर्ग घेऊन परतल्यावर उघडला. येणारा शनिवार इयननं ठरवून दिला होता. त्यानंतर बर्फाची हमी नव्हती. वंदनाताईही आल्या होत्या, घराचे कागद घेऊन, सहज. काकांचं प्लास्टर निघालेलं. त्यांनी टर्बो लेकरासारखा कागदातून बाहेर काढला, मागच्या तोंडाला व्हर्नियर लावलं.

"अडीच. उत्तम."

पुढच्या तोंडाला लावलं. परत लावलं. व्हर्नियर पुसून तिसऱ्यांदा लावलं.

"हा शिपाई आहे," ते म्हणाले.

"काय?"

"मी साहेब मागवला होता. औट सांगितलं होतं तुम्हाला."

"आउटच आहे की काका," मी मोठ्या समजूतदारपणे टर्बो त्यांच्याकडे वळवून दाखवला. "बघा ना. बाहेरच आहे तोंड."

काकांनी आधी त्या तोंडाकडे, मग माझ्याकडे बघितलं. मग वंदनाताई गाडीच्या सीटवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"औट मीन्स साडेतीन!" त्या म्हणाल्या. "थ्री अँड अ हाफ! ओ माय गॉड. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, पाच औट साडेसतरा..." आणि ती बाई, जिला चहा पुल्लिंगी की पोळी, याचा आयुष्यात पत्ता लागला नव्हता, ती त्या गॅरेजात औटकीचा पाढा आगगाडीसारखा म्हणत गेली. न अडखळता, दहा औट पस्तीसपर्यंत. "रोज संध्याकाळी, मास्तर! टीव्ही लागायच्या आधी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. माझी फ्रेंड्स बाहेर सायकल चालवायची आणि मी औट औट करत बसायची. बाबा, तुमचा मास्तर फेल झाली!"

'झाला' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तो मी गिळला. पोटात अजून आहे.

काकांनी शिपाई परत कागदात गुंडाळला. हे फार वाईट लक्षण होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बदलून यायला किती दिवस?"

"पाच-सहा आठवडे."

काकांनी व्हर्नियर खिशात ठेवलं. मग ते परत काढलं आणि खिशाऐवजी बाकावर ठेवलं. तसं मी कधी बघितलं नव्हतं. त्या रिकाम्या खिशाकडे वंदनाताईंचंही लक्ष गेलं असावं, कारण त्यांचं हसू थांबलं. हातातल्या घराच्या कागदांची त्यांनी गुंडाळी केली, उलगडली, परत केली. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद.

"बाबा," त्या म्हणाल्या, "गाडीचा पाइप औट आहे आणि ह्याचा तोंड अडीच. राइट? मागची बाजू तर बसते ना?"

"मागची बसते."

"मग मध्ये फक्त असा काहीतरी पाहिजे." त्यांनी कागदाची गुंडाळी दाखवली. "आईचा तो तेल ओतायचा मोठा नरसाळं माझ्याकडे आहे. स्टीलची."

एका नपुंसकलिंगी वस्तूला एका दमात पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी करून त्या ईलिंगला गेल्या आणि नरसाळं घेऊन आल्या. काकांनी त्याच्यावर व्हर्नियरनं दोन खुणा केल्या, वर औट, खाली अडीच. त्या दोन खुणांवर ते कापायचं काम वंदनाताईंनी केलं, कारण काकांचं मनगट अजून धरत नव्हतं आणि करवत माझ्या हाती द्यायची सूचना कुणीच केली नाही. ज्या बाईला हे गॅरेज रिकामं करायचं होतं, ती रविवारची संध्याकाळ तिथे गुडघ्यावर बसून आईचं नरसाळं कापत होती. मी टॉर्च धरला होता. तोही, काकांच्या मते, तिरका.

शनिवारी आम्ही स्कॉटलंडला पोहोचलो. स्टिअरिंगवर वंदनाताई, काकांच्या जुन्या व्हॉक्सहॉलमागे ट्रेलर, ट्रेलरवर ताडपत्री, आणि मागच्या सीटवर मी, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. इयन म्हणजे वाऱ्यानं तासून काढलेला उंच म्हातारा. त्यानं बोनेट उघडून नरसाळं बघितलं, वाकून जवळून बघितलं, मग काकांकडे बघून म्हणाला, "हा किचनमधला वास कसला?"

"एरंडेल," काका म्हणाले.

डोंगरावर दोराचे बारा खांब होते. बाराव्यापाशी वरचं खोपट. काकांनी मनगट पट्टीनं आवळलं, माकडटोपी घातली, तिच्यावर हेल्मेट घातलं आणि गाडीवर बसले. वंदनाताईंनी हेल्मेटचा पट्टा स्वतः लावला, दोनदा ओढून बघितला.

शिपायानं इज्जत राखली. हाक मारली आणि तो पळाला. काकांनी अंगठ्यानं खटका दाबताच शीळ घुमली, मागे बर्फाचा पिसारा उडाला आणि ती गाडी, जी चार वर्षं एकाच जागी उभी राहून फक्त माझी आमटी ताटात सांडायला कारण झाली होती, ती सरळ रेषेत वर गेली. तिसरा खांब. पाचवा. सातव्याला इयननं टोपी काढली. मी तोंडात पुरणपोळी कोंबली होती, ती चावायची विसरलो.

आठव्याच्या वर चढ उभा झाला. शीळ बदलली. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण जिन्यात जड फाइल घेऊन निघालेला शिपाई मला ऐकू आला. धाप. आणखी धाप. नवव्या खांबाशी गाडी थांबली. काकांनी पुन्हा खटका दाबला. पट्टा जागच्या जागी फिरला आणि खाली रुतला.

आम्ही तिघं दोराला धरून वर गेलो. म्हणजे ते दोघं वर गेले, मी दोनदा खाली आलो आणि मग वर गेलो. तेव्हा काका हेल्मेट काढून सीटवर बसले होते. वर खोपट दिसत होतं. तीन खांबांवर.

"बारा पाऊणे नऊ," काका म्हणाले. आवाज कोरडा होता. "साहेब असता तर..." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. ते दया दाखवताहेत हे मला शिव्यांपेक्षा झोंबलं. मग त्यांनी खिशात हात घातला, गॅरेजची किल्ली काढली आणि लेकीसमोर धरली. "वरच्या खोपटापर्यंत ठरलं होतं. नऊ म्हणजे बारा नव्हे. घे."

वंदनाताईंनी किल्ली घेतली नाही. त्या खाली बघत होत्या. पायथ्यापासून नवव्या खांबापर्यंत पांढऱ्या डोंगरावर गाडीनं चर पाडला होता. मग वर बघितलं. उरलेला कोरा तुकडा, ताटात कुणी टाकून दिल्यासारखा.

"बाबा, पाऊण खाल्ली ना?"

"काय?"

"पाऊण खाल्ली की पूर्ण धरायची. तुमची रूल आहे."

"तो पोळीचा नियम होता," काका म्हणाले.

"मला काय माहीत? माझा मराठी कच्चा आहे." वंदनाताईंनी हातमोज्यानं नाक पुसलं आणि काकांची मूठ किल्लीसकट मिटून त्यांच्याच खिशात घातली, व्हर्नियरशेजारी. "डोंगर पाऊण खाल्ली. पूर्ण धरायची. गेट डाउन फ्रॉम द टेबल, बाबा."

काकांनी काही तरी मोजल्यासारखे डोळे बारीक केले. इयनला यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण तोही टोपी हातात धरून उभा होता. त्या डोंगरावर तेव्हा गप्प राहायचं न कळणारा एकच माणूस होता.

"ताई," मी म्हणालो, "डोंगर पुल्लिं—"

"मास्तर," काका म्हणाले, "तुम्ही औट."